परचुरे बाईंचं टोमॅटोचं सार

परचुरे बाईंनी नवीन घड्याळ घेतलं की पहिला आठवडाभर त्या दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधून यायच्या. डाव्या हातात जुनं, उजव्या हातात नवं. कुणी हसलं तर म्हणायच्या, "दुकानदार सांगतो म्हणून बारा वाजले असं धरायचं का?"

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. मी ग्रंथालयात होते. वयात वीस वर्षांचं अंतर असूनही दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. बाईंना मऊ बोलणं ठाऊक नव्हतं. माझी भाजी आवडली तर म्हणत, "आज जमलीय. कालच्याबद्दल न बोललेलं बरं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला मधूनच काहीतरी व्हायला लागलं. ओठ सुजायचे, घशात खाज सुटायची, अंगावर गांधी उठायच्या. एकदा एका लग्नाच्या स्वागत समारंभात सूप प्यायले आणि श्वास लागून खुर्चीतच बसले. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे, जागरण टाळा. नवरा म्हणाला, "माझ्या माणसांत गेलं की नेमका त्रास होतो तुला!" कॉलेजातही माझ्यामागे हसत असत, मला ते कळायचं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. "कुंदा, आजपासून तोंडात जाईल ते लिहायचं. पाणीसुद्धा. आठवत नाही हे उत्तर चालणार नाही." मी घरी जाऊन रडले. माझं म्हणणं कुणीतरी खरं धरलं होतं.

चार महिने मी लिहीत होते. बाई दर शनिवारी वही घरी नेत आणि लाल पेन्सिलीनं खुणा करत. चायनीज सुपाच्या दिवशी त्रास होतो हे लवकरच दिसलं. पण एकदा मी घरी साधा वरणभात खाऊन नुसतं पाचक चूर्ण घेतलं होतं, तरी ओठ सुजले. बाईंनी चूर्णाची डबी मागून घेतली. पुढच्या शनिवारी मी विचारलं, तर म्हणाल्या, "अजून काही सांगण्यासारखं नाही."

त्यानंतरच्या बुधवारी त्यांनी थर्मासमधून टोमॅटोचं सार आणलं. जिऱ्याची खमंग फोडणी होती. "गरम आहे तोवर पी," म्हणाल्या. मी वाटीभर प्यायले. दहा-बारा मिनिटांत जीभ जड झाली, मग घसा आवळत गेला. बाईंनी मला दंडाला धरून उठवलं. फाटकाशी रिक्षा उभी होती. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले, "नशीब, वेळेत आणलंत."

तीन आठवड्यांनी बाई मला त्वचेच्या डॉक्टरांकडे, डॉ. तांबोळींकडे, घेऊन गेल्या. डॉक्टरांनी माझ्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब टाकून प्रत्येक थेंबातून हलकी सुई टोचली. पाव तासात एकाच थेंबाखाली रुपयाएवढी गांध उठली. "सेलरी," डॉक्टर म्हणाले. "कोथिंबिरीसारखी दिसते, सुपात घालतात. आणि आपला अजमोदा म्हणजे तिचंच बी. चूर्णात असतो. यापुढे दोन्ही बंद."

नवऱ्यानं माझी माफी मागितली. मी गावभर सांगत सुटले, परचुरे बाईंनी मला वाचवलं. दिवाळीला त्यांना साडी नेली तर म्हणाल्या, "रंग तुझ्या आवडीचा दिसतोय." पण दुसऱ्या दिवशी नेसून आल्या.

डॉ. तांबोळींनी पुढच्या भेटीसाठी ती वही मागितली, म्हणून मी बाईंकडून आणली. बसमध्ये सहज चाळली. शेवटच्या पानांवर बाईंचं अक्षर होतं. बुधवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन त्यांनी अजमोदा म्हणजे काय ते विचारून घेतलं होतं. त्याखाली त्या बुधवारची तारीख. 'स्त्री, वय ३४. साराबरोबर अजमोदा पूड, दोन चिमूट. १२.४० दिले. १२.५१ ओठ. १२.५५ खोकला. १२.५८ आवाज बसला.'

मी पुढच्या थांब्यावर उतरून उलट बस पकडली. बाई प्रयोगशाळेत नळ्या विसळत होत्या.

"तुम्हाला आधीच कळलं होतं?"

वही बघून त्यांनी हात पुसले. "संशय होता. कळलं नव्हतं."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. घाबरूनही घसा आवळतो माणसाचा. मग खरं काय ते कसं समजणार?"

"मी मेले असते तर?"

"रिक्षा सांगून ठेवली होती," बाई म्हणाल्या. "आणि दोनच चिमूट होती."

त्यांना खरोखरच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी वही घेऊन निघाले. दुसऱ्या दिवसापासून डबा ग्रंथालयातल्या कपाटांच्या मधल्या टेबलावर एकटीनं खाऊ लागले. बाईंनी दोन दिवस वाट पाहिली, मग त्यांनीही वाट पाहणं सोडलं.

सहा वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात प्राचार्यांनी मलाच बोलायला उभं केलं. आमची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणजे अर्धी. मी अर्धीच सांगितली. टाळ्या पडल्या. नंतर पुस्तकं परत करायला बाई ग्रंथालयात आल्या, तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"मी चुकले नव्हते, कुंदा. सेलरीच निघाली ना?"

"सेलरीच निघाली, बाई."

"मग एवढी वर्षं राग कसला?"

मी पुस्तकांवर शिक्के मारत म्हटलं, "बाकीच्यांनी मला नाटकी ठरवलं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, म्हणून मला वाटलं, तुमचा माझ्यावर विश्वास आहे. पण तुम्हीही नाटकच आहे का ते पाहत होतात. फक्त सारात अजमोदा घालून."

बाईंनी समोरची पुस्तकं सरळ रचली. त्या जिना उतरून गेल्या, आणि मी त्यांना हाक मारली नाही.