आबांचे कान

माझ्या सासऱ्यांना, बुधाजी आबांना, ऐकू येत नाही हे आम्हाला माहीतच नव्हतं. हसू नका! जन्म गेला त्यांचा मिलच्या रिंगखात्यात. तिथे सूत कातणाऱ्या यंत्रांचा एवढा घरघराट, की माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलायची. आमच्या बीडीडी चाळीतही तेच. समोर बसून बोललं की बरोब्बर उत्तर. संशय यायचा कसा?

बिंग फोडलं माझ्या आरोहीने. चार वर्षांची पोर, आबांच्या मांडीवर पाठमोरी बसून म्हणाली, "आबा, शू आली."

आबा म्हणाले, "शाब्बास!"

व्हायचं ते झालं. पोरगी रुसली ती रुसलीच, त्यांच्याकडे फिरकेना. "नात गेली गं माझी, माया," आबा म्हणाले. मला भरून आलं.

कानाचं मशीन आणलं. दुसऱ्या दिवशी ते डबीत! "नुसती भांडी आपटतात कानात." मी भडकले आणि त्यांना घेऊन परळला गेले, कान तपासणाऱ्या रुपाली मॅडमकडे.

त्यांनी समजावलं. आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन इवल्याशा हाडांतून आतल्या शंखात शिरतो. शंखातल्या पाण्यात केसांसारखे बारीक तंतू डोलतात आणि नसेतून मेंदूला निरोप जातो. रिंगखात्याने आबांचे बरेच तंतू मारले, ते परत उगवत नाहीत. मशीन आवाज मोठा करतं, पण अर्थ लावतो मेंदू, आणि त्याची सवय मोडलीय. "पाठ असलेलं काहीतरी रोज ऐकवा," मॅडम म्हणाल्या.

पाठ काय? त्रिशरण, आपलं 'बुद्धं सरणं गच्छामि'! आरोही नुकतीच शिकत होती. रुसवा कायम, म्हणून बुद्धमूर्तीपुढे ती म्हणणार, आबा मागे बसून ऐकणार, तेही डोळे मिटून. ओठ बघायची लबाडी बंद! किती दिवस आबांचा चेहरा कोराच. मशीन काढायला हात गेला की मी डोळे वटारायची, ते पुटपुटायचे, "सासू परवडली."

त्रिशरण तीनदा म्हणायचं असतं. दुसऱ्या खेपेला 'दुतियम्पि', तिसऱ्याला 'ततियम्पि'. काल आरोहीने घाईघाईत मधली खेप गाळून थेट 'ततियम्पि' गाठलं.

"दुतियम्पि राहिलं, बाळा," आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

आरोही बघतच राहिली. मग हळूच त्यांच्या मांडीवर चढली, पाठमोरी. मी दारात उभी.

"आबा, शू आली."

"अगं माया, धाव!" आबा ओरडले.

मी धावले. रडत होते की हसत, कुणास ठाऊक.