‘ओ’ दाबल्यावर

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सुलोचना जाधव संगणकासमोर बसून तेच चौथ्यांदा करत होत्या: हिस्ट्री उघडायची, ‘क्लिअर’ दाबायचं आणि वरच्या पट्टीत इंग्रजी ‘ओ’ टाइप करून पाहायचं.

ओळ पुन्हा आली. ‘ऑपरेशन तीन महीने रोकने से क्या होता है.’

अन्नपूर्णा भागात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं हे सेंटर त्यांचे यजमान हरी यांनी चौदा वर्षं चालवलं. ऑक्टोबरमध्ये ते गेले. ही ओळ त्यांनी नऊ जानेवारीला शोधली होती. एप्रिलमध्ये मुलीचं, ईशाचं, लग्न होतं. आपल्या ऑपरेशनला डॉक्टरांनीच मे महिन्याची तारीख दिली आहे, असं त्यांनी घरात सांगितलं होतं. ते खोटं होतं, हे सुलोचनाबाईंना या ओळीनं कळवलं. उद्या सुलोचनाबाईंच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार होते, म्हणून काउंटरवर ईशा बसणार होती. आणि इथं ‘ऑनलाइन’ लिहायला दिवसातून पन्नास वेळा ‘ओ’ दाबावा लागतो.

दहा वाजता समोरच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानातला ऋषभ आला.

“काकू, तुम्ही फक्त पिछले एक घंटे का उडवताय. हे तर जानेवारीचं आहे.”

“मग सगळं उडव.”

त्यानं थेट फोल्डरमधली फाइलच पुसायला घेतली. फाइल वापरात आहे, असा संदेश पडद्यावर आला. “ब्राउजर पीछे चालूच आहे,” तो म्हणाला. “काकांसारखंच. शटर पडलं तरी काउंटर सोडत नाही.” बोलून गेल्यावर त्यानं मान खाली घातली.

ब्राउजर पुरता बंद करून त्यानं फाइल पुसली. पुन्हा उघडल्यावर पट्टी कोरी होती. दहा मिनिटांनी सुलोचनाबाईंनी ‘ओ’ दाबला. ओळ आली.

ऋषभनं या वेळी ती वाचली. ईशाच्या लग्नात वाढायला तो होता.

“काकांचा फोन कुठंय?”

फोन ड्रॉवरमध्ये होता, चार्जरला लावलेला. पाटीवर तोच नंबर होता, म्हणून त्या तो रोज चार्ज करत.

“दोन्हीकडे काकांचंच खातं आहे. मी इथली फाइल पुसतो, खात्यातून परत खाली येतं. खात्यातूनच काढावं लागेल. मग फोनमधूनही जाईल. सगळंच जाईल, काकू.”

“थांब जरा.”

त्यांनी फोन हातात घेऊन यादी वर सरकवली. जानेवारीत तशाच अकरा ओळी होत्या. मधेमधे मंगल कार्यालय, बँडवाला, देवासचा रस्ता. एप्रिलनंतर आजाराबद्दल एकही नव्हती.

“ईशाला सांगू नको.”

“काय सांगणार, भिया?” ऋषभ म्हणाला; कुणालाही ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणायची त्याला सवय होती. त्याला कुणी हसलं नाही.

खात्यातलं सगळं पुसायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

हातातला फोन वाजला. “हरीजी हैं क्या?”

“सेंटर से बोल रही हूँ,” त्या म्हणाल्या. “बोलिए.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी काम नसतानाही बारा वेळा ‘ओ’ दाबला. काही आलं नाही. तरी प्रत्येक वेळी त्यांचं बोट त्या अक्षरावर थांबून राहिलं.

उद्या सकाळी साडेआठला त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचं आहे. सेंटर दहाला उघडेल. किल्ली ईशाकडे आहे.