मुक्याचा खेटा

माझ्या बायकोचे तीन रिपोर्ट आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात होते आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पहिल्यात थायरॉईड किंचित मंदावल्यासारखा, दुसऱ्यात अगदी ठणठणीत, तिसऱ्यात पहिल्याच्या बरोबर उलट. डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, "नक्की काही सांगता येत नाही. तीन महिने थांबू, पुन्हा तपासू." पण शालनचं शरीर थांबायला तयार नव्हतं. भर उन्हात ती अंगावर शाल घेऊन बसायची. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, असं ती दिवसातून चारदा म्हणायची. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचो, की रिपोर्टात तर काही नाही. कागद खोटं बोलत नाही, माणूस बोलतं, अशी माझी समजूत होती. ती समजूत मला कुठं घेऊन गेली, ते आज मोकळेपणानं लिहायचं आहे.

कसबा बावड्यात माझी पिठाची गिरण आहे. तिथं दिवसभर पट्ट्याचा आवाज चालू असतो, त्यामुळं माझा आवाज चढाच राहिला. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलायचं, ही सवयही तिथलीच. ती मी दवाखान्यातही नेली. डॉक्टर शालनला विचारायचे, "झोप लागते का?" मी सांगायचो, "लागते की. घोरते चांगली." ते विचारायचे, "दुसरी काही औषधं, गोळ्या?" मी सांगायचो, "काही नाही." तपासणीच्या स्टुलावर ती बसलेली असायची आणि तिच्या आजाराची हकिकत मी सांगत असायचो. मला वाटायचं, मी तिची काळजी घेतोय. आता आठवतं, की एक-दोनदा तिनं बोलायला तोंड उघडलं होतं.

एका एकादशीच्या आदल्या दिवशी व्हायचं ते झालं. उपवासाची वरी दळायची म्हणजे आधी जातं साफ करून घ्यावं लागतं. आधीच्या गव्हाचा कणही पिठात जाता कामा नये. शालन इतकी वर्षं हे डोळे मिटून करत आली होती. त्या दिवशी ती विसरली आणि गव्हावरच वरी ओतली. पीठ बघून गल्लीतल्या काकू भडकल्या. "अगं बया, माझा उपास मोडायला बसलीस व्हय?" दहा गिऱ्हाइकं उभी होती. मी त्या सगळ्यांच्या देखत ओरडलो, "रिपोर्ट नॉर्मल हाय हिचा, डोकं तेवढं नॉर्मल न्हाय!"

लोक हसले. मीही हसलो. शालननं हाताला लागलेलं पीठ पदराला पुसलं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून मात्र घशात अडकल्यासारखं वाटतंय, हे तिनं मला सांगणं बंद केलं. दुखतंय, थंडी वाजतेय, थकवा आलाय, यातलं काहीच ती बोलेना. आठवडाभर मला ते बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली. आपल्या घरात एक माणूस हळूहळू विझत चाललंय आणि तिला काय होतंय हे कळायची एकुलती एक वाट आपण स्वतःच्या हातानं बुजवली, हे लक्षात आलं. माफी मागायला शब्द सुचेनात. जे तोंड असं बोललं, त्याच तोंडानं माफी तरी काय मागणार?

माघाचे दिवस होते. माघातल्या पाच रविवारी आमच्याकडं माणसं अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जातात. त्याला खेटे घालणं म्हणतात. जुन्या माणसांकडून ऐकलेलं असं, की जोतिबा डोंगर सोडून निघाला होता, तेव्हा त्याची समजूत काढायला अंबाबाई कोल्हापूरहून अनवाणी चालत गेली. रुसून निघालेल्याच्या मागं देवीसुद्धा चालत गेली, मग आपण कोण? मी खेटे घालायचं ठरवलं. आणि स्वतःला एक शिक्षा लावून घेतली. पंचगंगेच्या पाण्याला हात लावल्यापासून दर्शन होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

पहिल्या रविवारी एकटाच गेलो. वाटेत हजारो माणसं "चांगभलं"चा गजर करत होती आणि मी ओठ मिटून चालत होतो. वडणगे गावाच्या पुढं एका ओळखीच्यानं विचारलं, "काय पावणं, वैनी न्हाय आल्या?" मी हातानंच खूण केली. गिळलेला एकेक शब्द घशात बसत होता. डोंगर चढताना वाटलं, घशात काहीतरी अडकलंय. पाणी पिऊनही जाईना. तेव्हा प्रथमच मला शालनचं म्हणणं अंगानं कळलं.

दुसऱ्या रविवारी ती म्हणाली, "म्या बी येते. सगळं चालणं हुणार न्हाय, पर डोंगर चढते." तिचा भाऊ तिला मोटारसायकलवरून डोंगराच्या पायथ्याला गायमुखापर्यंत घेऊन आला. मी तोंड मिटून चालत तिथं पोचलो, आणि आम्ही दोघं चढायला लागलो. शंभरेक पायऱ्यांतच ती खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. शेजारी एक साठीच्या बाई पाय चोळत बसल्या होत्या. त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढं केली.

"घे गं. कुठली म्हणायची?"

"कसबा बावडा. तुमी?"

"कबनूरची मी. तीस वर्सं ल्याबात लोकांची रगतं काढली, आता पाय मोकळं करते." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पावणं, एवढी दमलीया ही, काय हुतंय हिला?"

मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली, डोंगराकडं हात केला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम कणव आली. शालनच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "असू दे. तूच सांग बाई."

आणि शालननं सांगितलं. किती दिवसांनी तिला दुखण्याबद्दल बोलताना ऐकत होतो! पाय जड होतात, सकाळी बोटं आखडतात, नावं आठवत नाहीत, दळण कुणाचं ते आठवत नाही, आणि आपल्याला वेड लागतंय की काय अशी भीती वाटते. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. तिन्ही रिपोर्टांचं तिनं सांगितलं. बाईंनी विचारलं, "आणि गोळ्या कुठल्या चालू हायत?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. काही नाही. बोलता आलं असतं, तर मी ते बोललोच असतो आणि विषय तिथंच संपला असता.

शालन म्हणाली, "औषध काय न्हाय. केसांच्या गोळ्या तेवढ्या घेते. ह्येनीच आणून दिल्यात."

"कधीपास्नं?"

"पहिल्या रिपोर्टानंतर. केस लई गळाय लागले म्हणून."

बाई म्हणाल्या, "त्या गोळीत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतंय. कधीकधी त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट फसतोय. आमच्या ल्याबात दोन-तीनदा झालतं. मी काय डॉक्टर न्हवं, पर तुझ्या डॉक्टरला ह्ये सांग. आणि तूच सांग, दुसऱ्या कुणाकडनं सांगू नगंस."

त्या गोळ्या मीच औषधाच्या दुकानातून मागून आणल्या होत्या. डब्यावर लांबसडक केसांच्या बाईचं चित्र होतं. तो डबा घरी औषधांच्या पेटीत नव्हताच, आरशापाशी कुंकवाच्या करंड्याशेजारी असायचा. म्हणून आमच्या लेखी ते औषध नव्हतं. कागद खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या मीच कागदाला खोटं बोलायला लावलं होतं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा प्रत्येक वेळी "काही नाही" सांगितलं होतं.

बाई पुढं निघून गेल्या. आम्ही बसत उठत वर पोचलो. दर्शनाला उभा राहिलो तेव्हा माझ्यापाशी मागणं असं उरलं नव्हतं. गुलालात माखलेल्या चौकटीवर डोकं टेकलं. मौन सुटलं, आणि "चांगभलं" म्हणायला गेलो तर हुंदकाच बाहेर आला. शालन म्हणाली, "अवो, लोक बघाल्यात." तरी तिनं माझा दंड सोडला नाही.

त्या आठवड्यात डॉक्टरांकडं गेलो. मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो, ती एकटी आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डॉक्टरही दारापर्यंत आले. "हे आधी कळायला हवं होतं," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले की नाही, मला माहीत नाही, मी मान वर केली नव्हती. गोळ्या थांबवून, त्यांनी सांगितले तितके दिवस जाऊ देऊन पुन्हा रक्त दिलं. या वेळी रिपोर्ट स्पष्ट आला. थायरॉईड मंदावलेला होता, आणि तसं होणं वेडेपणाचं लक्षण नव्हतं. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक छोटी गोळी सुरू झाली.

पाचव्या रविवारी गायमुखाशी त्याच बाई भेटल्या. शालननं त्यांना लांबूनच ओळखलं. मीही धावत गेलो. उपकार मानायचे म्हणून त्या दिवशी मी मौन धरलंच नव्हतं. पाया पडून म्हणालो, "मावशी, तुमच्यामुळं रिपोर्ट लागला बघा." बाई दचकून मागं सरकल्या.

"अगं बया! ह्येला बोलता येतंय व्हय? मला वाटलं बिचारीचा दादला मुका हाय. घरी जाऊन सुनंला बी तसंच सांगितलं की!"

शालन पोट धरून हसली. किती महिन्यांनी हसली होती. मग तिनं बाईंना सांगितलं, "मुका असता तर बरं झालं असतं मावशी. पर खेट्यापुरता तेवढाच हुता." तो टोमणा मला प्रसादासारखा गोड लागला.

वर्ष झालं. शालन अजून पूर्वीसारखी झालेली नाही. केस हळूहळू येताहेत, थंडी कमी झाली, चढावर दम लागतो. दर काही महिन्यांनी रक्त द्यावं लागतं, गोळीची मात्रा बदलते. ती भेट म्हणजे चमत्कार होता की योगायोग, याचा मी कुणाशी वाद घालत नाही. त्या वाटेवर रविवारी हजारो माणसं असतात, त्यात एक रक्त काढणारी बाई असणारच. मला एवढंच कळतं, की मी देवाकडं तिची तब्येत मागायला गेलो होतो आणि देवानं आधी माझी बडबड ठेवून घेतली. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मला वाटायचं. मला ते जमलं ते तोंड मिटून, तेही शिक्षा म्हणून. जोतिबाचे आणि कबनूरच्या त्या माउलीचे उपकार मी कसे फेडणार? माफी मी शालनकडं शेवटी मागितलीच. ती म्हणाली, "बास झालं आता, दळण खोळंबलंय."

परवा त्याच काकू वरीचा डबा घेऊन आल्या. शालननं आधी जातं पुसून घेतलं, मगच पट्टा सुरू केला. काकूंनी मोठ्यानं विचारलं, "काय गं शालन, तब्येत कशी हाय आता?"

तोंडात उत्तर आलं होतं. मी ते गिळलं, आणि तिचं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून गिरणीचं बटण बंद केलं.