दहापैकी आठ

माझ्या कंबरेच्या मणक्यांमधली गादी झिजली, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. आईचीही तिथलीच झिजली होती. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका हॉस्पिटलात नव्या उपचाराची चाचणी चालू होती, त्यात तिचं नाव लागलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सुईने थेट गादीत सोडायच्या, म्हणजे ती पुन्हा भरून येईल, अशी आशा. आता मलाही तीच सुई हवी होती. वर्गात अर्धा तास उभं राहणं जमेना, आणि बसून शिकवणारी मास्तरीण आमच्या किहीम गावात कुणाला चालणार?

आईला दर तीन महिन्यांनी तपासणीला मीच न्यायचे. डॉक्टर विचारायचे, "आजी, दुखणं दहापैकी किती?"

"आठ," आई म्हणायची.

पहिल्या खेपेला ते खरं होतं. तिसऱ्या खेपेला मांडव्याच्या जेटीवर ती मुंबईच्या बोटीत माझ्याआधी चढली, आणि डॉक्टरांसमोर बसून म्हणाली, आठ. वर्षभरात ती पुन्हा जमिनीवर विळी मांडून मासे कापायला लागली. तरी आठच.

परतताना मी विचारलं, तर म्हणाली, "बरं हाय असं तोंडानं बोलायचं न्हाय, बाय. आपलीच नजर लागते."

मला हसू आलं. पाठ बरी झाल्याशी मतलब, आकड्याचं काय, असं म्हणून मीही गप्प बसले. एवढी शिकले, पण अक्कल गहाण टाकलेली.

यंदा माझे रिपोर्ट घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, चाचणी कधीच आटोपली. बहुतेकांना फारसा फरक पडला नाही, म्हणून पुढे नेली नाही. "तुमच्या आईंचंच बघा ना," म्हणत त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. वरपासून खालपर्यंत आठ.

घरी येऊन मी आईवर भडकले. ती बांगडे कापत होती. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "लाव त्यांना फोन."

"मला बरं हाय," ती फोनवर मोठ्याने म्हणाली. "कवाची बरी हाय. आठ न्हाय, एक. खोटं बोलले मी. माझ्या पोरीला सुई द्या."

पलीकडून डॉक्टर काहीतरी समजावत होते. तिने फोन माझ्या हातात दिला. इतकी भ्यायलेली आई मी कधी पाहिली नव्हती. भिंतीला टेकून, एक हात कंबरेवर ठेवून, ती ठणका उठायची वाट पाहत उभी राहिली.