तिच्या पायाचा निर्णय

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या एक आजी सरकारी ससून रुग्णालयाच्या गर्दीत नव्हे, तर एका खासगी दवाखान्यात माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर होत्या. उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या तुंबून दोन बोटं काळी पडली होती. त्यांचा आयटी कंपनीतला मुलगा आणि डॉक्टर त्यांच्या उशाशी उभे राहून बोलत होते, पण आजींशी कुणीच बोलत नव्हतं.

"बायपास करून बघता येईल, पण खात्री नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग कापूनच टाका. तिला आता कुठं जायचंय?" मुलगा म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजी मात्र कोपरावर भार देऊन उठल्या. "पाय माझा हाय. मला इचारा की!"

डॉक्टर वरमले. दुसऱ्या पायातली शीर काढून तुंबलेल्या जागेला वळसा घालायचा, हे त्यांनी आजींना समजावलं.

"मंग घाला," आजी म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. काळी बोटं गेली, पाय वाचला. तव्याची आच बघावी तसा उलटा हात लावून आजी सारख्या पावलाची ऊब बघत.

मुलगा फोनवर नातेवाइकांना सांगत होता, "मी म्हटलं, काही करा, पण आईचा पाय वाचवा!"

"अहो, बोला ना काहीतरी," मी चिडून आजींना म्हणाले.

आजींनी पायावर चादर ओढली. "लेकाची लाज आपुनच राखायची आसती, ताई. आजवर तेच केलं."

त्या शांतपणाचा मला आजही राग येतो.