हिरव्या स्टिकरचं बी

निघोजेच्या रस्त्यालगत एकच रामकाठी बाभूळ उरली होती. ती नुसती तुटली नाही, तिचा वंशही आम्ही बुडवायला निघालो, आणि त्यात माझा हात मोठा आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांवर चिडलो तर मला कुणी साव समजायला नको.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासायचे. चांगल्याला हिरवा स्टिकर, वाईटाला लाल. गेटसमोरचा रस्ता रुंद करायचा ठरला आणि समोरच्या मावशींचा बांध त्यात गेला. बांधावर ही बाभूळ होती. सरळसोट वाढलेली. औतासाठी, गाडीच्या चाकासाठी जुनी माणसं असलं लाकूड शोधत फिरायची. मावशी म्हणाल्या, "तोडा, पर हिचीच रोपं तुमच्या कुंपणाकडंला लावा." साहेबांनी शब्द दिला आणि काम माझ्या गळ्यात घातलं.

तोडण्याआधी आम्ही शेंगा उतरवल्या. मावशी म्हणाल्या, "शेळ्यास्नी चारा. रवंथ करताना बी थुकत्यात, ते गोठ्यातनं झाडून घ्या अन् राखंत ठिवा. आमी तसंच करतो."

मला हसू आलं. "मावशी, शेळीचं उष्टं कंपनीत चालत नाही."

मी शेंगा फोडल्या, बी पुसून लख्ख केलं, प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, पार्टच्या निळ्या क्रेटमध्ये टेप लावून बंद केलं आणि वर हिरवा स्टिकर डकवला. क्रेट वर्षभर स्टोअरमध्ये होता.

पुढच्या जूनमध्ये उघडला तर पिशवीत पीठ, आणि पिठात तपकिरी भुंगे. ज्या बीला पाहावं त्याला बारीक गोल भोक. पाण्यात टाकलं, सगळं वर तरंगलं. कीड बाहेरून आलेली नव्हती. शेंगा झाडावर असतानाच भुंग्यांनी अंडी घातली होती, आणि मी ती बियांसकट सील करून जपली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

साहेबांना दाखवलं. म्हणाले, "हेच पेरा राव. शुक्रवारी वृक्षारोपणाचा फोटो आहे. उगवतंय का, कोण बघतंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला की हा माणूस अख्खा लॉट परत पाठवतो!

"मावशी बघतायत," मी म्हणालो.

"त्यांना गुलमोहर द्या एखादा."

आणि मी काय केलं? मुकाट्याने मातीच्या पिशव्यांत ती पोकळ टरफलं खोचली. फोटोत मी हसतोय. तो फोटो अजून कँटीनच्या दाराशी आहे, आणि रोज जेवायला जाताना तो फाडावासा वाटतो. साहेबांपेक्षा माझ्या त्या दातांचा राग जास्त येतो.

दोन महिने मावशींना तोंड दाखवलं नाही. शेवटी गेलो आणि खरं ते सांगितलं.

"येक बी न्हाई उगवलं?"

"एकही नाही."

त्या आत गेल्या आणि मडकं घेऊन आल्या. राखेत हात घालून मूठभर बी काढलं. झाडाखाली पडलेल्या शेंगा त्यांच्या शेळ्यांनी खाल्ल्या होत्या, त्यातलं ते. टणक, काळपट, एकालाही भोक नाही; आतली अळी शेळीच्या पोटातच मेली होती आणि राखेने नवी कीड लागू दिली नव्हती. मी न विचारताच हात पुढे केला.

त्यांनी मूठ मिटली. "न्हाई सायेब. तुमी परत डब्यात घालाल."

"मग लावणार कुठे? बांध तर राहिला नाही तुमचा."

"व्हय, जागा तुमच्याकडं अन् बी माझ्याकडं. ऱ्हाऊ द्या तसंच."

बी परत राखेत गेलं. मावशींनी मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली.