डिकीतले कोट

कोट हातात आला की ताई आधी त्याची कॉलर उलटून बघायची. आत काळ्या मार्करनं लिहिलेला खोली नंबर दिसला की विकणाऱ्याच्या तोंडावर, हसत हसत, मराठीत म्हणायची, "मेलेल्या माणसाचं विकून राहिले. काहीच वाटत नाही यायले." समोरचा आपला "नो वरीज, लव्ह" म्हणून मोकळा. मग ती दोन डॉलर द्यायची आणि कोट काखेत मारून पुढच्या गाडीकडे जायची.

आम्ही शिकायला आलो होतो त्या टूवूंबा शहराहून तासाभरावर एक गाव आहे. तिथली कोळशाची खाण कधीच बंद पडली, खाणीतली माणसं मात्र तिथेच म्हातारी झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या हॉलसमोरच्या मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून घरातलं नको झालेलं सामान विकायला बसायचे. त्या वर्षांत टूवूंबाला आपल्या विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती आणि प्रत्येकाला गादी, पातेली, थंडीचं काहीतरी हवंच असायचं. आमच्या भाड्याच्या घरात आम्ही सहा जण आणि गाडी एकटीकडे, ताईकडे. त्यामुळे रविवारी आम्ही सगळे ताईच्या मागे.

ताई अडतिशीची, आमच्यात सगळ्यात मोठी. अकोल्याची. आली कुकिंगच्या कोर्सला, आणि स्वयंपाकाचा तिला असा कंटाळा की आमटीत मीठ घालायलाही आम्हाला हाक मारायची. कोर्स संपल्यावर त्याच खाणगावातल्या वृद्धाश्रमात तिला काम मिळालं. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, दाढी करायची, भरवायचं. ते नंबरवाले कोट तिनंच त्यांच्या अंगावर चढवलेले असायचे. माणूस गेला की मुलं सामान उचलून न्यायची आणि पहिल्या रविवारी ते डिकीत दिसायचं.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, अगं, इथे पद्धतच आहे ती."

"असंल. माही आई गेली तेव्हा आबांनी तिचं एकेक लुगडं आपल्या हातानं दिलं. कोणाले कोणतं शोभंल ते पाहून. गेलेल्या माणसाचं विकायचं नसते, द्यायचं असते."

आणि ती खरंच द्यायची. टूवूंबाला कसली थंडी पडतेय, अशा समजुतीत पोरं एका पातळ जॅकेटवर उतरायची आणि जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, कुडकुडत ताईच्या दारात यायची. ती माप बघून कोट काढायची. एकाला खिशात कवळी सापडली. तो कोट टाकून दोन पावलं मागे सरला. ताई म्हणाली, "आण इकडे. दोन दिवस शोधत होतो आम्ही तिले." माझ्या वाट्याला तपकिरी लोकरीचा आला होता. त्याचा मालक आंघोळ घालताना तिला वाट्टेल त्या शिव्या द्यायचा म्हणे. "पण गरम पाण्यात पाय सोडले की रडायचा," ती म्हणाली. तीन हिवाळे मी तो घातला.

अकोल्याला आबा, तिचे वडील, भावाकडे राहायचे. किडन्या निकामी होत चाललेल्या. रोज दुपारी शिफ्टहून आली की फोन: "जय भीम आबा, जेवले का?" आणि शेवटी नेहमीचं एक वाक्य, "निकाल आला की दुसऱ्या दिवशी निघते." निकाल म्हणजे कायम राहण्याच्या अर्जाचा. व्हिसाच्या एजंटानं तिला बजावलं होतं, मध्ये देश सोडलात तर अर्ज गेला. दोन वर्षं ती त्या निकालासाठी थांबली होती. भाऊ म्हणायचा, ये. आबा म्हणायचे, घाई करू नको, मी आहे.

"इथं वीस म्हाताऱ्यायले आंघोळ घालते मी," ती मला म्हणाली होती, "अन् माह्या बापाले भाऊ घालते. चिडचिड करत घालते. मले फोनवर ऐकू येते." मी उठून चहा टाकला.

आबा गेले त्या दिवशी आम्ही त्याच मैदानात होतो. फोन ऐकून ती "बरं" म्हणाली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. दुपारपर्यंत तिथेच. भावानं तिकडे अंत्यविधीत फोन चालू ठेवला होता. त्रिशरण सुरू झालं तसे तिनं हात जोडले आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागली. आम्ही गाडीबाहेर उभे होतो. कुणी रडलं की ती काचेतून रागानं बघायची.

पंधरा दिवसांनी भावाचा फोन आला. स्वयंपाकघरात स्पीकरवर.

"आबाचे कपडे कोणाकोणाले दिले?" तिनं विचारलं.

"भांडेवाली आली होती दारावर. जुन्यात काढले. तुह्या वहिनीनं पातेलं घेतलं."

"सगळेच?"

"सगळेच. काहून?"

"केवढं पातेलं?"

"दोन लिटरचं असंल."

तिनं फोन ठेवला. मी भावाला नावं ठेवायला गेले, तर मलाच गप्प केलं. "त्याचं काय चुकलं? मी नव्हती ना तिथं."

महिन्याभरानं निकाल आला. मंजूर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पत्र नीट समजावं म्हणून मी सरकारी वेबसाइट उघडली आणि वाचता वाचता एका ओळीशी थांबले. अर्ज चालू असताना देशाबाहेर जाऊन परत यायची वेगळी परवानगी मागता येत होती. दोन पानांचा फॉर्म होता. मी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकत होते, दिवसभर स्क्रीनसमोर बसत होते, आणि दोन वर्षांत एकदाही ते पान उघडलं नव्हतं. एजंट बोलला ते आम्ही सगळ्यांनी खरं मानलं.

लॅपटॉप मिटून मी विचारलं, "तिकीट बघू?"

"कशाले?" युनिफॉर्मची बटणं लावत ती म्हणाली. "कपाटबी रिकामं झालं." आणि शिफ्टला गेली.

त्या हिवाळ्यात ती पर्थ शहरात राहायला गेली. नंबर बदलला. फॉर्मचं मी तिला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायचं म्हटलं तरी ती कुठे आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.